यादीत नसलेली फाईल

मी चार इयत्ता शिकले, त्यातली चौथी दोनदा. पण अक्कल शाळेवर अवलंबून नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना नव्हतं त्यांना मी सांगितलं.

माझा मुलगा आणि सून समोरासमोर बसून सॉफ्टवेअर बनवायचे. इस्पितळात सलाइनचे थेंब मोजून सोडणारं यंत्र असतं, त्याचा प्रोग्रॅम दोघांचा. दोन वर्षांपूर्वी मुलगा गेला. त्याचा कॉम्प्युटर मी कुणाला बंद करू दिला नाही. मागच्या खोलीत तो चालूच असायचा, आणि त्याच्यावरची धूळ मीच पुसायचे.

त्या दिवशी सूनबाई सकाळपासून घामाघूम. इस्पितळाचा तपासनीस तिच्या फाईलींचं पॅकेज स्वतःच्या कोऱ्या कॉम्प्युटरवर दोनदा बांधणार, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम तयार करणार, आणि दोन्ही वेळा तंतोतंत सारखं निघायला हवं. चारपर्यंत जमलं नाही, तर दोघांचं सहा वर्षांचं काम दुसऱ्याच्या हाती.

"शेकडो फाईली असतात, आई. कुठली कुणावर अवलंबून, त्याची यादी द्यायची. त्या क्रमाने सगळं कंपाइल होतं, जोडलं जातं."

"म्हणजे अस्तर आधी, बाही नंतर. एवढ्यासाठी सोळा वर्षं शिकलीस होय?"

ती हसली नाही. "आपल्याकडे बांधलं की होतं. त्यांच्याकडे एक फाईल सापडत नाही. यादीतच नाही ती."

शोधाशोध केली, तर ती निघाली मुलाच्या कॉम्प्युटरवर. सूनबाईचा कॉम्प्युटर इतके दिवस भिंतीपलीकडून ती गुपचूप उचलून आणत होता. यादीत कुणी लिहिलीच नव्हती. घरच्या माणसाचं नाव पाहुण्यांच्या यादीत कोण घालतं?

मग तिने फाईलची तारीख पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली.

"आजची आहे. सकाळी दहा वीसची."

"तूच केलं असशील काहीतरी."

"मी कुठे जाते त्या खोलीत? तुम्ही जाता."

"मी फडकं मारते गं. फडक्याला लिहिता येतं का?"

फाईलीत थेंबांचे आकडे होते. इस्पितळाने गेल्याच महिन्यात सलाइनच्या नळ्या बदलल्या, आणि नळी बदलली की थेंब लहानमोठा होतो. आकडे नव्या नळ्यांचे होते, आणि सगळे बरोबर.

मी घाबरले, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. "राहू दे की. वाईट तर काही करत नाहीये."

"आई, आजारी माणसांना आपल्या मागच्या खोलीच्या भरवशावर कसं ठेवू?"

तिचं मला पटलं. असं फारसं होत नाही. "घे ती पॅकेजमध्ये, आणि यादीत लिही," म्हटलं. तिचं झाल्यावर मीच आत गेले आणि बटण दाबून त्याचा कॉम्प्युटर बंद केला.

तीन वाजता तपासनिसाचा फोन आला; सूनबाईने तो स्पीकरवर टाकला. "मॅडम, बांधलं गेलं, पण दोन्ही वेळचं सारखं नाही. ती नवी फाईल मधेच बदलली. खोलीत मी एकटाच आहे. नेटची वायरसुद्धा काढलीय." मग त्याचा आवाज बारीक झाला. "आत्ता पुन्हा बदलली. माझ्या डोळ्यांदेखत."

सूनबाई पांढरीफटक पडली. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"अहो, कॉम्प्युटरजवळ धरा फोन."

"आजी, पण—"

"धरा म्हटलं ना!"

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. टक, टक, टक.

"टाइप करणं थांबवा आधी."

"माझे दोन्ही हात फोनवर आहेत, आजी."

मी घसा खाकरला. "ऐक रे. आकडे बरोबर आहेत. उरलेलं तुझ्या बायकोला तुझ्याहून बरं येतं, जिवंतपणी कबूल केलं नाहीस ते. आता हात काढ. तू लुडबुड केलीस तर तिचं काम जाईल." आवाज फाटायला लागला, म्हणून मी आणखी जोरात ओरडले. "निघ म्हणते ना!"

टकटक थांबली.

तपासनिसाने पुन्हा दोनदा बांधलं. सारखं. तिसऱ्यांदाही सारखं. काम सूनबाईकडेच राहिलं.

ती हळूच म्हणाली, "आई, गेले का हो ते?"

"मला काय विचारतेस? त्या तपासनिसाला म्हणावं, अजून एकदा बांध."

त्याने बिचाऱ्याने बांधलं. तस्संच निघालं. मी फोन कानाला लावून बसून राहिले. मला वाटलं होतं, एखादा तरी आकडा हलेल.