भावासारखाच डाग

भावाने बायकोचा खून केला आणि वकिलाने त्याचं खापर मेंदूवर फोडलं. दोष जन्मजात, रक्तातलाच आहे हे कोर्टाला पटवायला सख्ख्या बहिणीच्या मेंदूचाही फोटो हवा होता. बहीण ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. भावाची फाशी टळावी म्हणून ती मुकाट्याने यंत्रात झोपली. डाग निघाला, त्याच जागी, तेवढाच. भाऊ फासावरून सुटला आणि ही घरी आली.

त्यानंतर स्वयंपाकघरातून आधी पाव कापायची सुरी नाहीशी झाली, मग भाजीची, मग मोठी कात्री. मुलगी झोपताना खोलीला आतून कडी घालू लागली. जिने जन्मभर डॉक्टरांच्या हाती पाती दिली, तिच्यापासून तिच्याच घरात सुऱ्या लपवायच्या! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुन्हा भावाचा, आणि शिक्षा हिला, तीही पोटच्या पोरीकडून.

"कुठे ठेवल्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग काय, चालत गेल्या?"

"तूच आठवून बघ," असं म्हणत तो नकळत मागे सरकला. ते सरकणं तिला शब्दांपेक्षा जास्त झोंबलं.

रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता. उरलेल्या छोट्या सुरीने ती मुलीसाठी सफरचंद सोलत होती. मुलीने फोड घेतली नाही.

"आई, आधी ती खाली ठेव ना."

"मी तुझी आई आहे, मामा नाही!" ती कडाडली. मुलगी उठून खोलीत गेली आणि कडी वाजली.

सुरी तशीच हातात धरून तिने सगळं घर उपसलं. नवऱ्याचं कपाट, माळा, पलंगाखालच्या पेट्या, कुठेच काही नाही. शेवटी तिच्याच कपाटात, युनिफॉर्मखाली, हिरव्या कापडाची गुंडाळी सापडली. वरचं टोक बाहेर दुमडलेलं, आतल्या हत्याराला हात न लागता उघडता यावं असं. ती थिएटरमधली घडी घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आत सगळ्या सुऱ्या लागतील त्या क्रमाने मांडलेल्या, मुठी एकीकडे. कात्रीशेजारी एक जागा रिकामी होती. हातातली सुरी तिथे बरोबर बसली.

ती बेसिनपाशी आली. मागे कडी निघाली.

"आई, चुकलं माझं," मुलगी दारातून म्हणाली. "दे ना ती फोड."

"आलेच," ती म्हणाली, आणि ऑपरेशनआधी धुतात तसे, बोटांपासून कोपरापर्यंत, सावकाश हात धूत राहिली.