बादलीवाल्याची सावड

येसूबाईच्या घरात राहणारं माणूस एकच, पण राबणारी दोन, असं शेजारची इंदूबाई हसून सगळ्या पोशीर गावाला सांगायची. त्यातलं दुसरं हाताच्या पंजाएवढ्या डबीत राहायचं आणि त्याच्या डोक्यावर कायम बादली असायची.

ही डबी सखानं मस्कतहून आणली होती. सखा म्हणजे येसूबाईचा एकुलता एक मुलगा. नवरा गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तिनं चिखलात उभं राहून त्याला वाढवला. खोपोलीच्या एका कारखान्यात तो वेल्डिंग शिकला आणि तिथल्याच कुणाच्या तरी ओळखीनं समुद्रापार गेला. चार वर्षांनी, शहाऐंशीच्या वैशाखात, महिनाभराच्या रजेवर आला तो दोन फुगलेल्या बॅगा घेऊन. कुणाला टॉर्च, कुणाला अत्तर, कुणाला ब्लँकेट. आईसाठी मात्र ही डबी.

“व्हिडिओ गेम म्हनतात ह्याला,” तो म्हणाला. “दुपारची नुसती बसून असतेस ना आये, तवा खेळ.”

गावानं तोंडात बोटं घातली. साठीच्या बाईला पोरांचं खेळणं! सखाचं डोकं तिकडच्या उन्हानं फिरलं, असं चावडीवर ठरूनही गेलं. येसूबाईलाही आधी हसूच आलं. पण पोरानं समोर बसवून, तिचे दोन्ही अंगठे धरून शिकवलं, म्हणून ती शिकली. चार वर्षांत कुणी तिचे हात असे हातात धरले नव्हते. त्यानं मोटार चालवायला शिकवली असती तरी ती शिकली असती.

खेळ साधा होता. काचेवर एक घर काढलेलं, त्याला छप्पर आणि उजव्या अंगाला एक उघडं दार. छप्पर पाच ठिकाणी गळायचं. खाली एक इवलासा काळा माणूस डोक्यावर बादली घेऊन उभा. डावं बटण दाबलं की तो डावीकडे सरकायचा, उजवं दाबलं की उजवीकडे. थेंब बादलीत पडला की टिक वाजायचं. चुकला की माणूस मान खाली घालायचा. तीन थेंब चुकले की खेळ संपला. मग तो कोपऱ्यात बादली पालथी घालून तिच्यावर गालाला हात लावून बसायचा, आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत तसाच बसून राहायचा.

ते मान खाली घालणं येसूबाईला सोसायचं नाही. ज्या कुणी हा खेळ केला त्यानं थेंब चुकल्यावर नुसती घंटी वाजवली असती तरी भागलं असतं. पण नाही, मेल्यानं त्या एवढ्याशा जिवाला शरम दिली होती. बरं, छप्पर त्यानं थोडंच बांधलं होतं!

सखा परत गेला आणि आषाढात लावण्या सुरू झाल्या.

लावणीला इथं सावड करतात. आज दहा बाया माझ्या शेतात वाकतात, उद्या मी त्यांच्यातली एक होऊन दुसरीच्या शेतात वाकते. ज्यानं आपल्याला दिवस दिला त्याचा दिवस फेडायचा, एवढाच त्यातला कायदा. येसूबाईनं चाळीस वर्षं तो पाळला. मग दोन वर्षांमागं तिचे गुडघे गेले. चिखलात उतरली की पाय वर येईना. आपला तुकडा तिनं इंदूबाईच्या घरी अर्धेलीनं, निम्म्या पिकावर, लावायला दिला, आणि त्याबरोबर सावडीतून तिचं नाव गेलं. कुणी काढलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. फक्त सकाळी दारात “येसूकाकी, चला गं” अशी हाक यायची ती यायची थांबली. बाया डोक्यावर पानांची इरली घेऊन दारावरून जात, हसत, एकमेकींना टोमणे मारत. ही ओटीवर बसून बघायची. गावात राहूनही गावाच्या बाहेर पडता येतं हे तिला तेव्हा कळलं.

अशाच एका दुपारी तिनं डबी काढली. छताचं कौल सरकलं होतं, तिच्याही घरात दोन जागी गळत होतं. एकीकडे परात, दुसरीकडे टोप ठेवून ती बसली होती. आणि तिच्या मनात आलं, माझं दोनच ठिकाणी गळतंय. ह्याचं पाच ठिकाणी. घरात दुसरं माणूस नाही. ह्या बिचाऱ्याच्या सावडीला कोण?

झालं. त्या दिवसापासून तिनं त्याची सावड धरली. जेवण झालं की ओटीवर बसायची आणि बाया शेतातून परतेपर्यंत त्याला हात द्यायची. अंगठे दुखायचे, पण दुखणं कामाचं होतं, त्याचं तिला बरंच वाटायचं. मधेच, बायांच्या चहाची वेळ झाली की, मुद्दाम तीन थेंब चुकवायची. म्हणजे तो बसायचा. बसायला मिळावं म्हणून बिचाऱ्याला हरावं लागायचं. हा नियम तिला मुळीच पटला नव्हता, पण दुसरा इलाज नव्हता.

इंदूबाईनं एकदा तिला पकडलंच. “काकी, मुद्दाम हरता व्हय गं?”

“सकाळधरनं पळतोय त्यो. जरा टेकू दे.”

“अवो पन त्यो काय जिता हाय?”

“नसंना,” येसूबाई म्हणाली. “पळतो तर हाय.”

इंदूबाई पोट धरून हसली आणि गावभर सांगत सुटली. येसूबाईला राग आला नाही. तिच्याबद्दल गावात कुणी काही बोलतंय हेही बऱ्याच दिवसांनी होत होतं.

श्रावण लागला आणि सखाचं पाकीट आलं. येसूबाईला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं वाचायची आणि लिहायची ती मालोजी गुरुजींनी. शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव भला. त्यांनी वाचून दाखवलं. कंपनी आणखी तीन वर्षांचा करार देते आहे. ह्या वेळी मधे रजा नाही. पण तीन वर्षं काढली की कौलं उतरवून स्लॅबचं घर बांधता येईल, मग तुझ्या डोक्यावर थेंब पडणार नाही. महिनाअखेर सही करायची आहे. आये, तू काय म्हणतेस? तू म्हणशील तसं करतो.

“पोरगा हिऱ्यासारखा आहे, वहिनी,” गुरुजी म्हणाले. त्यांनी निळं पत्र पुढ्यात ओढलं आणि लिहायलाही लागले. चार वर्षांत त्यांनी तिची तीसेक पत्रं लिहिली होती. सुरुवात त्यांना पाठ होती: मी बरी आहे, माझी काळजी करू नकोस.

येसूबाई त्यांच्या पेनाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नसलं तरी ती ओळ कुठं संपते ते ठाऊक होतं.

“थांबा गुरुजी,” ती म्हणाली. “मी दोन दिसांनी येते.”

“उशीर नको. पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात.”

ती घरी आली. गावाचं मत एकच होतं: राहू दे त्याला, स्लॅब पडेल, मग लग्नाला मुली रांग लावतील. सगळं खरंच होतं. नको म्हणायला तिच्याकडे एकच कारण होतं, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती. पोर आपल्यासाठी उन्हात लोखंड जाळतंय, आणि आपण म्हणायचं की मला करमत नाही? तिनं डबी उघडली.

माणूस फिकट झाला होता. बादली दिसत होती, पण पाय दिसत नव्हते. टिक वाजलं ते पार बसलेल्या घशातून. येसूबाईनं बटण सोडून दिलं. आपणच ह्याला रोज राबवला, दिवसाच्या दिवस, सुट्टी अशी नाहीच. तिनं डबी मऊ फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि दोन दिवस हात लावला नाही. आजाऱ्याला विश्रांती द्यायची, हेच तिला माहीत. तिसऱ्या दिवशी उघडून पाहिली तर काच कोरी होती. घर होतं, छप्पर होतं, दार होतं. आत कुणी नव्हतं.

ती तिथंच भिंतीला टेकून रडली. डबीसाठी कुणी रडतं का, असं तिनं स्वतःलाच विचारलं, आणि तरी रडली.

मग उठली, लुगडं बदललं आणि एस.टी.नं नेरळ गाठलं. नेरळच्या घड्याळवाल्यानं डबी उलटीपालटी करून परत दिली. असला सेल आपल्याकडे नाही, कर्जतला बघा. तिनं दुसरी एस.टी. धरली. कर्जतच्या बाजारपेठेत हिरामण घड्याळवाल्याचं दुकान होतं, कपाटाएवढं. हिरामणनं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं.

“आजी, नातवाचा का हो?”

“माझाच हाय. मेला का त्यो?”

“सेल गेलाय नुसता.” त्यानं चिमट्यानं जुना सेल उचलला, नवा बसवला, आणि एका बारीक भोकात टाचणी दाबून धरली. “हे बघा, सगळं ठीक चालतंय का ते आधी असं बघायचं.”

काच भरून गेली. येसूबाईनं डोळ्यांच्या जवळ डबी ओढली. एक नव्हे, पाच माणसं होती. छपराच्या पाच भोकांखाली पाच जण, प्रत्येकाच्या डोक्यावर बादली, एका ओळीत, लावणीला उभ्या राहिलेल्या बायांसारखी. कोपऱ्यात सहावा, पालथ्या बादलीवर बसलेला. म्हणजे बसणारा पहिल्यापासून तिथंच बसून होता. आणि उजव्या अंगाच्या दारात, जिथं आजवर तिला कधी कुणी दिसलं नव्हतं, तिथं एक बाई उभी होती. तिच्याही हातात बादली होती.

“ही कोन?”

“ती? ती मदतीला येते. हजार झाले की.”

“हजार?”

“हजार थेंब झेलले की दारात येते, त्याची बादली रिकामी करते. तुम्ही किती करता?”

येसूबाईनं कधी मोजले नव्हते. इतके नक्कीच नव्हते. ती तर त्याला बसवण्यासाठी हरत आली होती. “म्हंजे ती हितंच हाय? कायम?”

“काचेत सगळे कायमच असतात, आजी. फक्त दिसत नाहीत.” त्यानं टाचणी उचलायला घेतली.

“तसंच धरा जरा,” येसूबाई म्हणाली. हिरामणला गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं धरून ठेवलं. ती त्या बाईकडे बघत राहिली. घर गळतंय, आत माणूस धावून धावून मान खाली घालतोय, आणि ही हातात बादली घेऊन दारात. हजार होईस्तोवर उभीच. आत यायला हिला कुणी अडवलं होतं?

हिरामणनं टाचणी सोडली. बाई गेली, चौघे गेले, बसलेला गेला. एकटा बादलीवाला उरला.

पोशीरला उतरली ती येसूबाई घरी गेलीच नाही, तडक गुरुजींच्या ओटीवर चढली. गुरुजी जेवून सुपारी कातरत होते. त्यांनी परवाचंच निळं पत्र काढलं; पहिली ओळ त्यावर तशीच होती.

“ते फाडा,” ती म्हणाली. “दुसरं घ्या. आनि मी सांगते तसंच लिवा. मी बरी नाय.”

गुरुजींचं पेन थांबलं. “काय होतंय, वहिनी?”

“व्हत काय नाय. एकटी हाय. चार वर्सं एकटी हाय, आनि दर पत्रात बरी हाय म्हनते. तुमचा दोष नाय, मीच सांगते तसं तुमी लिवता.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते स्वतः दहा वर्षांचे विधुर होते. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. “पण वहिनी, हे वाचून तो करार सोडून येईल. घर बांधायचं राहील त्याचं. तीन वर्षांत डोक्यावर पक्कं छप्पर येतंय, तेवढी कळ काढलीत तर...”

“तवर मी दारात उभी ऱ्हाऊ का, बादली घेऊन?”

गुरुजींना बादलीचं काही कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. पहिली ओळ त्यांनी सावकाश लिहिली.

“फुडं लिवा. घर गळतंय तर गळू दे. तिकडं तुला कुनी बस म्हनत नसंल, हितं येऊन बस. कौलं सरकलीत ती नंतर बगू.” ती थांबली. हातातली डबी टिक टिक करत होती. बोलता बोलता बटण दाबलं गेलं असणार. तीन थेंब चुकले आणि तो बसला. येसूबाईनं त्याला बसू दिलं.

“झालं?” गुरुजींनी विचारलं.

“अजून एक. लिवा, दोन जागी गळतं. परात मी धरते, टोप तू धर.”

गुरुजींनी ते तसंच्या तसं लिहिलं, आणि पत्र चिकटवायला तिच्यापुढे केलं.