बसल्या जागी एकशे दहा

छत्तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या मोठ्या सिस्टरना निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं होतं. महिनाअखेरपर्यंत ठरवायचं होतं, राहायचं कुठे: नदीअलीकडे धाकट्या लेकीकडे, की नदीपलीकडच्या देशात थोरल्या मुलाकडे. मध्ये एक पूल आणि दोन चौक्या, पण लोकांच्या तोंडून ऐकावं तर पुलाच्या त्या टोकाला स्वर्गच सुरू होत होता.

सिस्टर ऐकीव गोष्टींवर विसंबणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन्हीकडे आठ-आठ दिवस राहायचं ठरवून त्यांनी वॉर्डातल्या सवयीने वहीत दोन रकाने पाडले. अलीकडे पाणी दिवसाआड, पलीकडे चोवीस तास. अलीकडे दवाखान्यात तीन तास रांग, पलीकडे दिलेल्या वेळेला दार उघडून आत बोलावतात. अलीकडच्या फुटपाथवर चालायला आधी सर्कशीत नोकरी केलेली बरी. पलीकडच्या रकान्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

लेक तर स्वतःच अलीकडची वैरीण होती. सकाळी नळाच्या नावाने बोटं मोडायची, संध्याकाळी बसच्या. तोंडाचा पट्टा सुरू असताना सिस्टर शेजारी बसून तिचं मनगट हातात घ्यायच्या. माया वगैरे काही नाही. तीन बोटं नाडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. ही खोड जुनीच. पाहुण्यांना मात्र वाटायचं, बाई फार प्रेमळ आहेत. लेकीची नाडी बहात्तर, ठणठणीत.

मुलाकडे तक्रारीचा शब्द नाही. काहीही विचारा, ‘उत्तम’. नोकरी उत्तम, घर उत्तम. बायको गेल्या वर्षी सोडून गेली, तेही झालं ते उत्तमच. सोफा इतका मऊ की उठायला दुसऱ्याचा हात लागावा. सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. एकशे दहा. पुन्हा मोजली, तरी तेच, आणि तेही बसल्या जागी. तिसऱ्या दिवशी त्या त्याला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. झोप लागते का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मुलगा म्हणाला, उत्तम.

कण्हणारा पेशंट थांबू शकतो, आधी गप्प पडलेल्याकडे धावा, असं सिस्टर वॉर्डात नव्या मुलींना शिकवायच्या. पोटच्या पोराच्या बाबतीत ते आठवायला तीन दिवस लागले, याची त्यांना लाज वाटली.

लेकीकडे परत येऊन त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली. लेक दारातच उभी राहिली.

“चोवीस तास पाण्यासाठी चाललीस ना?”

“पाण्याचं काय घेऊन बसलीस. दादाची नाडी बसल्या जागी एकशे दहा आहे.”

लेक बॅगेला वळसा घालून आत आली. मग पलंगावर येऊन बसली आणि आपलं मनगट तिने आईसमोर धरलं.

सिस्टरनी तीन बोटं टेकवली, घड्याळाकडे पाहिलं आणि पुरतं मिनिटभर मोजलं. आकडा शंभराच्या वर गेला होता.

“बहात्तर,” त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा कुणाला सांगितला नव्हता.

लेकीने हात काढून घेतला नाही. नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, तरी ती उठली नाही, की नळाला चार शब्द ऐकवले नाहीत. ती नुसती गप्प बसून राहिली.