शेवटच्या स्टॉपचं तळं

"पण आजोबा, बोट लालच होती ना?" नातीनं विचारलं.

ड्रायव्हर आजोबा भर रस्त्यात थांबले. गेले तीन महिने भर रस्त्यात थांबलं तरी कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

"कुठली बोट?"

"तळ्यातली हो! बाबा सांगतात ना. लाल बोट, आणि तिच्यात बदकं झोपायची."

बदकं ठीक होती. ती त्यांनी स्वतःच सांगितली होती. पण बोट? त्यांनी मास्क नाकाखाली ओढला, मोकळा श्वास घेतला की आठवेल म्हणून. काहीच आठवलं नाही.

सव्वीस वर्षं त्यांनी नऊ नंबरची बस चालवली होती. मुलगा सहा वर्षांचा असताना त्यानं विचारलं होतं, "अण्णा, तुमची बस शेवटी कुठं जाते?" शेवटी होती एका बंद गोदामाची भिंत, पत्र्याची शेड आणि एक गळका नळ. तिथं दहा मिनिटांत डबा खायचा, बस वळवायची आणि परत. एवढ्या आशेनं विचारणाऱ्या पोराला भिंत काय सांगायची? "तळं आहे," त्यांनी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात बदकं आली. मुलगा म्हणे, मला न्या. हे म्हणत, पुढच्या सुट्टीत. अशा कितीतरी सुट्ट्या गेल्या. मुलगा मोठा झाला, दूरच्या शहरात हॉस्पिटलात नर्स म्हणून लागला, आणि ती थाप तशीच राहून गेली. कधीतरी त्याला खरं कळलं असणारच, असं ते धरून चालले होते.

मग साथ आली. सुट्टीला आलेली नात, ठकी, इथंच अडकली. आणि परवा फोनवर मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडे फिरायला परवानगी मिळाली ना? ठकीला आपलं तळं दाखवा. मलाही फोनवरून दाखवा. बारा-बारा तास नुसत्या खाटा बघतोय हो. डोळ्यांना दुसरं काहीतरी दिसू दे."

आवाजात थट्टा नव्हती. सदतीस वर्षांचा हा बाप्या अजून तळं खरं मानतो? त्याला आता कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर दाखवायचं काय?

म्हणून आज सकाळी उजाडताच आजी, आजोबा आणि ठकी असे तिघं निघाले होते. अकरा स्टॉप, सहा किलोमीटर. ड्रायव्हरची सगळी भिस्त पोलिसांवर होती. चौथ्या स्टॉपपाशी बांबू आडवे बांधलेले दिसले तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

"पुढं बंदी आहे ना साहेब?" त्यांनी आशेनं विचारलं.

"काल होती," पोलीस कंटाळून म्हणाला. "आज नाहीये. उद्याचं मलाच कुणी सांगितलेलं नाही. या बाजूनं वाकून जा."

"अगं, तुझे गुडघे दुखतील," ते बायकोला म्हणाले. "फिरू या का मागं?"

"माझ्या गुडघ्यांची काळजी आजच बरी आठवली! सव्वीस वर्षं डबा भरला. तो कुठं बसून खात होतात, ते तरी बघू दे."

सातव्या स्टॉपच्या पुढं ते खरोखरच चुकले. सीटच्या उंचीवरून डोळे मिटून ओळखला असता तो रस्ता पायी काही केल्या ओळखू येईना. खिडक्या नको तितक्या वर गेल्या होत्या, दुकानं बंद, पाट्या धुळीनं भरलेल्या. एकाच औषधाच्या दुकानावरून ते दोनदा गेले. शेवटी ठकीनंच खांबावरचा नऊचा आकडा शोधून काढला. डोक्यातही तसाच गोंधळ चालला होता. बोट आपण सांगितली असेल का? आणि बोट विसरलो, तर तळंही खरंच असेल आणि आपण विसरलो असू? गोदामाच्या भिंतीमागं त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. दहाव्या स्टॉपपर्यंत त्यांना थोडी थोडी आशाच वाटायला लागली.

भिंत होती तिथंच होती. एका जागी ती पडली होती आणि त्यातून मागचं दिसत होतं. मागं विटांचा ढीग होता. शेड होती. नळही होता, आणि तो गळत होता.

ठकी त्या विटांकडं बघत उभी राहिली. ड्रायव्हरना विलक्षण लाज वाटली.

आजी शेडमधल्या बाकावर जाऊन बसली. "या कडेला बसत असाल," ती म्हणाली. "इथलंच सिमेंट झिजलंय." मग डब्याचं झाकण उघडता उघडता ठकीला म्हणाली, "बोट रंगवायला नेली असेल गं."

ड्रायव्हर गर्रकन वळले. "बोट... तू?"

"मग काय! तुम्ही डबल ड्युटीला. पोरगं रोज विचारायचं, अजून काय आहे तळ्यात? बदकं तरी किती वेळा सांगायची?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुमच्या बुटांना कधी चिखल नसायचा हो."

तेवढ्यात ठकीच्या हातातला फोन वाजला. ड्रायव्हरनी हात पुढं केला. "दे इकडं. मीच सांगतो त्याला. माझीच चूक आहे."

ठकीनं फोन दिला नाही. तिनं कॅमेरा बंद केला आणि स्पीकर लावला. "बाबा, चित्र दिसणार नाही. इथं नेट पुरत नाहीये."

"असू दे. तू बघून सांग. आहे का तळं?"

तिनं भिंतीकडं बघितलं, मग नळाखाली साचलेल्या ताटाएवढ्या पाण्याकडं. "आहे. पाणी जरा कमी झालंय."

"आणि बोट?"

"आहे ना. लाल."

पलीकडं कुठलंतरी यंत्र टुक टुक करत होतं.

"बदकं झोपलीयत?"

"हो."

"मग हळू बोल बाळा," मुलगा म्हणाला. "उठतील."

तो हसत होता की रडत होता, ड्रायव्हरना कळलं नाही. त्याला सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, हेही कळलं नाही. ठकी कुणासाठी खोटं बोलली, बापासाठी की आजोबांसाठी, ते तिला विचारायचा धीर झाला नाही. फोन बंद झाला. आजीनं तिघांचे वाटे केले आणि ते जेवले.

निघताना ड्रायव्हर सवयीनं नळापाशी गेले. रोज बस वळवण्याआधी ते तो आवळून बंद करत, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गळत असे. त्यांनी तोटीवर हात ठेवला. खाली साचलेल्या पाण्याकडं जरा वेळ बघितलं. मग हात काढून घेतला आणि नळ तसाच गळता ठेवून ते त्या दोघींच्या मागं चालू लागले.