बंबवाल्याचं रीळ

"उघडा की. आत काही नाग बसलेला नाही," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. भिंग मुळातच स्वच्छ होतं. समोर टेबलावर गळाच्या काठीचं रीळ पडलं होतं. त्यांच्या दोस्ताचं, बंबवाल्याचं. गेल्या महिन्यात बंबवाला गेला, रीळ मागे राहिलं.

"लेकीला हवंय," वहिनी म्हणाल्या. "गंजलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. समुद्रावर ऐन वेळी दगा नको."

गंजलेलं असणार याबद्दल घड्याळजींना तिळमात्र शंका नव्हती. धक्क्यावर दोघं जन्मभर एकाच गोष्टीवरून भांडले होते: खाऱ्या पाण्यातून आलेलं रीळ धुवायचं कसं. घड्याळजींचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांचं म्हणणं, ब्रेक घट्ट आवळावा, तांब्यानं गोडं पाणी हलकेच ओतावं, सावलीत वाळवावं, मग ब्रेक सैल करून तेलाचा थेंब द्यावा. फवारा मारला की मीठ निघत नाही, उलट आत शिरतं आणि बेअरिंगात संसार थाटतं.

बंबवाल्यानं सगळी नोकरी आगी विझवण्यात काढलेली. जगातला कुठलाही प्रश्न पाण्याच्या दाबानं सुटतो, अशी त्याची श्रद्धा. तो धक्क्यावरचा जाड पाइप उचलायचा, शेजारच्याचीही आंघोळ व्हावी असा फवारा रिळावर सोडायचा आणि ओरडायचा, "घड्याळजी, बाळाला न्हाऊ घालून झालं का? पावडर लाव आता!"

"तुझं रीळ आतून कुजलंय, लेका."

"मी मेल्यावर उघडून बघ. कुजलेलं निघालं तर चारचौघांत सांग, बंबवाला गाढव होता. नाही निघालं, तर गाढव कोण तेही सांग."

ही अट धक्क्यावरची मंडळी विसरली नव्हती. भेटायला आलेल्या पोस्टमननं तर डोळे पुसता पुसताच हळूच विचारलं होतं, "उघडलंत का?"

स्क्रू फिरला. कुरकुरेल असं वाटलं होतं, पण कुरकुरला नाही. झाकण निघालं आणि घड्याळजी बघतच राहिले.

आत मिठाचा कण नव्हता. पांढरी भुकटी नाही, हिरवा डाग नाही. दातेरी चाकांवर ग्रीसचा बेताचा हात, बेअरिंगांवर तेलाचा पातळ पापुद्रा, ब्रेक सैल केलेला. पाइपानं धुतलेलं रीळ असं राहत नाही. असं राहिलेलं एकच रीळ त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

बोटाला लागलेलं तेल त्यांनी हुंगलं. घड्याळाचं तेल. दाराची बिजागरी करकरते म्हणून बंबवाला दरवर्षी त्यांच्याकडून बाटली मागून न्यायचा. "घराचं दार आहे की किल्ल्याचं?" असं विचारून ते द्यायचे.

"वहिनी, तुमच्या दारांना तेल कोण घालतं?"

"कोण घालणार? आमची दारं करकरतच उघडतात." वहिनी उघड्या रिळाकडे बघत होत्या. "धक्क्यावरून आले की हे तांब्या घेऊन न्हाणीघरात शिरायचे, कडी लावायचे. मला दम दिलेला, बाहेर बोलू नकोस."

"अहो, पण मला सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, भांडण मिटलं तर घड्याळजी धक्क्यावर कशाला येईल? त्याच्या गळाला कधी मासा तरी लागलाय?"

घड्याळजी हसले. हसता हसता त्यांनी भिंग काढलं आणि पुसायला घेतलं. या खेपेला ते खरंच धूसर झालं होतं.

"लेकीला द्या हे," ते झाकण बसवत म्हणाले. "आणि धुवायचं कसं ते मी शिकवीन तिला. घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर गेले. बंबवाल्याची जागा रिकामी होती. गर्दी असूनही तिथे कुणी बसलं नव्हतं. जन्मभराच्या भांडणाचा निकाल घड्याळजींच्या बाजूनं लागला होता. कडी लावलेल्या न्हाणीघराची गोष्ट तेवढी सांगायची होती. धक्का महिनाभर बंबवाल्याला हसला असता.

"काय मग, कोण गाढव?" पोस्टमननं विचारलं.

घड्याळजींनी त्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं.

"रीळ आतून आरशासारखं आहे," ते म्हणाले. "गाढव मी."

एकच हशा पिकला. कुणीतरी पाइप ओढत आणला. "मग होऊन जाऊ दे! धरा तुमचंही!" बाकीच्यांच्या रिळांची घड्याळजींना काळजी नव्हती, ती केव्हाच कामातून गेलेली होती. त्यांनी आपलं रीळ पुढे धरलं. फवारा बसला तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले. लोकांना वाटलं, पाणी उडालं.

घरी येताच ते तांब्या घेऊन न्हाणीघरात शिरले. कडी लावली. ब्रेक आवळला.

"अहो, आत काय चाललंय?" बायकोनं दार वाजवलं.

"काही नाही. बाहेर बोलू नकोस."

आणि आवाज होऊ नये म्हणून तांब्या रिळाच्या अगदी जवळ नेऊन ते बारीक धारेनं पाणी ओतत राहिले.