लहरीमहाराजांचा जबडा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर पडदा, पडद्यावर हिरवी रेघ आणि रेघेपुढे हात जोडून उभे आम्ही सगळे. रेघ साक्षात मेंदूची! लहरीमहाराज आजाऱ्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायचे आणि गरजायचे, "दात घट्ट आवळ! दडलेला आजार वर येऊ दे!" की रेघ पिसाळायची. मग डोक्यावर हात ठेवून, आवाजात साखर घोळून, "आता जबडा सैल सोड, बाळ." रेघ शांत. "गेला आजार! टाक गोळ्या!" पायाशी ठेवलेली बादली औषधांनी अर्धी भरली होती.

पुढचा नंबर माझ्या बायकोचा. तिला फिट्स येतात. गोळ्यांमुळे कित्येक वर्षांत एकही आली नव्हती, पण आता त्या गोळ्यांचाच वीट आलेला. पाकीट मुठीत तयार होतं.

"मामी, थांब," सोबत आलेली माझी भाची म्हणाली. ती मेंदूवर संशोधन करते. म्हणजे अजून शिकतेच आहे.

"तू गप गं," बायको म्हणाली. " तुमच्या प्रयोगशाळेतही असल्याच टोप्या ना?"

"असल्याच. म्हणून तर हसू येतंय."

मी भडकलो. कुणी गोड गळ्याने देवाचं नाव घेतलं की मी विरघळणारा माणूस. "हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"मामा, पहिल्या वर्षी मलाही अशीच रेघ दिसली होती. नवा शोध लागला म्हणून धापा टाकत आमच्या मार्गदर्शक बाईंना बोलावून आणलं. बाई टोपीतल्या मुलाला म्हणाल्या, 'आधी च्युइंगम थुंक.' झोपली की रेघ! तेव्हापासून आमच्याकडे दंडकच आहे. शोध लागला, की टोपी आधी शोधणाऱ्याच्या डोक्यावर."

आणि ती तरातरा मंचावर चढली. "महाराज, आजाऱ्यांच्या रेघा पाहिल्या. आता निरोगी माणसाचीही दाखवा ना! तुमच्याइतकं निरोगी इथे कोण आहे?"

टाळ्या पडल्या. महाराज फुलले. टोपी चढली.

"भक्तहो, माझं चित्त म्हणजे—"

रेघ उसळली.

"अगंबाई!" पुढच्या रांगेतल्या आजी किंचाळल्या. "यांनाही आहे की!"

"मला काहीही झालेलं नाही!" महाराज दातओठ खात म्हणाले. रेघ पडदा सोडून जायला निघाली.

"बादली सरकवा रे महाराजांकडे!" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह खो खो हसलं.

भाचीने टोपी मामीच्या डोक्यावर ठेवली. "आवळ दात." रेघ नाचली. "सोड." शांत. हात कुणीच लावला नव्हता.

"ही वीज जबड्याच्या स्नायूंची," भाची म्हणाली. "मेंदूची लहर त्यांच्यापुढे इवलीशी, दिसतच नाही. आणि रेघ शांत झाली म्हणजे आजार गेला, असंही नाही. फिट्सची गोळी अशी एकदम सोडली तर जिवावर बेतेल, मामी."

बायकोने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि वाकून बादलीत हात घातला.

"आता काय शोधतेस?"

"शेजारणीचा दम्याचा पंप. मघाशी टाकलाय बावळटीने."

मग बादलीभोवतीच रांग लागली.

देवावर माझा विश्वास आहे आणि राहील. पण त्याने डोकं दिलंय ते कुणाचीही टोपी घालून घ्यायला नव्हे. चमत्कार दाखवणारा भेटला, तर नमस्कार खुशाल करा. फक्त टोपी आधी त्याच्या डोक्यावर चढवा.