ग्रंथपालबाईंच्या डाव्या पायाचं माप

बूटवाल्यांचा कॉम्प्युटर अठरा वर्षांचा झाला होता, आणि सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. पण वाकड्या, आखूड, सुजऱ्या पायांचे बूट शिवणाऱ्या या माणसाचा सगळा धंदा त्या डबड्यात होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप, आणि मापाखाली दुरुस्त्या: टाचेला एक सूत कमी, अंगठ्याजवळ जरा सैल. पहिला जोड कधी बरोबर बसतो होय? घालून, दुखून, परत आणून, तासून, असा कुठे वर्षांनी एक पाय कळतो.

मग गिऱ्हाइकं पाठवणाऱ्या हॉस्पिटलने फर्मान काढलं, यापुढे बिलं फक्त आमच्या नव्या वेबसाइटवरून. जुन्या सिस्टमवर ती उघडेल तर शपथ! कॉम्प्युटरवाला आला.

"नवी सिस्टम फुकट आहे, काका. डिस्क मात्र पुसावी लागेल. बॅकअप घेतलाय ना?"

"घेतलाय तर!" बूटवाले ऐटीत म्हणाले. सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून त्यांनी दोनदा मोजल्या होत्या.

फायली होत्या हो सगळ्या. त्या उघडणारा प्रोग्रॅम नव्या सिस्टमवर चालेना. जुनी सिस्टम परत घातली, तर प्रोग्रॅम परवान्याचा नंबर मागू लागला, आणि नंबर देणारी कंपनी केव्हाच बुडालेली. तीन दिवस खपून कॉम्प्युटरवाल्याने हात टेकले.

"अरे, आधी नाही सांगायचं?" बूटवाले ओरडले. पण विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. मापांच्या जुन्या वह्या तर त्यांनीच अडगळ म्हणून रद्दीत घातल्या होत्या.

सोमवारी ग्रंथपालबाई आल्या. बावीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, लहानपणच्या आजाराने डावा पाय आखूड राहिलेला.

"दादा, नेहमीसारखेच करा. दिवसभर उभी असते मी."

माप हरवलंय हे बूटवाल्यांना लाजेनं सांगवेना. त्यांनी पाय चार वेळा मोजला. जुना बूट उसवून पाहिला, पण तो इतका दबला होता की त्यावरून काही कळेना. बारा दिवस जीव ओतून त्यांनी नवा जोड शिवला.

बाईंनी तो घातला, उठल्या, चार पावलं चालल्या, आणि पटकन कपाटाला धरलं.

"छान झालेत," त्या म्हणाल्या. "नवे आहेत ना, रुळतील."

बूटवाले त्यांच्या पायाशी वाकले. "काढा ते, ताई. तुमचं माप गेलं माझ्या हातून. कॉम्प्युटर नवा करायला गेलो आणि सगळं घालवून बसलो."

बाई हळूच खाली बसल्या. "बाकीच्यांचंही?"

बूटवाल्यांनी मान डोलावली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. काठी टेकत जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, काखेत फाटक्या बुटांची पिशवी.

"येऊ का हो?" त्यांनी हसून विचारलं.

बूटवाल्यांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे.